शेवटच्या रांगेतले मालक

माझ्या हातून झालेली चूक अशी: आमच्या थोरल्या साडूंना मी गंगेपलीकडे नेलं. काशी सोडणार नाही असं व्रत घेतलेल्या माणसाला भर दुपारी गाडीत घालून रामनगरला नेलं. त्यांना विचारलं नाही, कारण ते गाडीत आहेत हेच मला ठाऊक नव्हतं. अशी चूक करायला नुसता वेंधळेपणा पुरत नाही. तो माझ्याकडे भरपूर आहे, तरी पुरला नसता. त्यासाठी गाडीला बसायच्या तीन रांगा लागतात आणि तिसऱ्या रांगेत आमच्या साडूंसारखा माणूस लागतो. तसा माणूस दुसरा झाला नाही. गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही असा संकल्प आधी करायचा आणि मग अख्खं कुटुंब घेऊन हिंदुस्थान पालथा घालता येईल एवढी मोठी गाडी विकत घ्यायची, असा गृहस्थ सबंध देशात एकच होता. तो नेमका माझा साडू निघाला.

साडूंची सारी नोकरी मालगाडीचे गार्ड म्हणून झाली. म्हणजे आयुष्यभर ते शेवटच्या डब्यात बसून मागे पडत जाणारी गावं बघत आले. पुढे काय येतंय हे बघायची त्यांना सवयच नव्हती. त्यामुळे निवृत्तीनंतर गाडी घेतली तेव्हा ती चालवायला शिकायचा प्रश्नच उद्भवला नाही. "ते इंजिनवाल्यांचं खातं," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि आपण मागचं दार उघडून तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. तिथे आमनेसामने दोन छोटी बाकं होती. पाहुण्यांनी आणि लहान मुलांनी नाइलाज म्हणून बसायची ती जागा. पण साडूंनी तिला गार्डाचा डबा करून टाकलं. पाण्याची सुरई आली, उशी आली. माझ्या बायकोकडून त्यांनी खिडक्यांना जाड पडदे शिवून घेतले. खिशात शिटी असायची. ती वाजल्याशिवाय मी गाडी हलवायची नाही आणि चालत्या गाडीत वाजली की थांबवायची. युनिव्हर्सिटीसमोरच्या भर लंका चौकात, मागे रिक्षावाले शिव्या घालताहेत, हवालदार हात करतोय आणि शिटीची वाट बघत मी थांबलोय, असं कितीदा झालं. एकदा मी वैतागून म्हटलं, "भाऊसाहेब, गाडी तुमची, पुढे बसा की! मालक कधी शेवटच्या रांगेत बसतो का?" पडद्यामागून उत्तर आलं, "साडूबुवा, गाडी कशी आहे ते मागूनच कळतं. पुढे बसलेल्याला नुसता रस्ता दिसतो."

आणि खरोखरच त्या गाडीबद्दल त्यांची जी मतं होती ती सगळी पाठीमागून बनलेली होती. विकणाऱ्यानं त्यांना इंजिनाची ताकद सांगितली होती. "बाबूजी, पहाड़ पर ले जाइए, कहीं साँस नहीं फूलेगी!" साडू म्हणाले, "हमको शिवपुर से आगे नहीं जाना है." शिवपूर म्हणजे काशीची वेस. त्या बिचाऱ्यानं बिलाचं पुस्तक काढलं. घाटावर कुणी विचारलं, "गुरु, एवरेज क्या देती है?" तर साडू शांतपणे सांगत, "अभी कहीं गई नहीं है." पण मागच्या बाकाबद्दल विचारा, पंधरा मिनिटं बोलतील. खड्डा आला की पुढच्याला तो नुसता कळतो, मधल्याला जाणवतो आणि मागच्याला पोचवला जातो. मागे बसलेल्यानं पान खाऊ नये. आणि मुख्य म्हणजे, तिसरी रांग रिकामी असली की गाडी उसळते. ती भरली की जमिनीला धरून चालते. "ही गाडी एकट्यादुकट्याची नाहीच," हे ते इतक्यांदा सांगत की मी मान डोलावत माझ्या मनात ऑफिसची कामं उरकून घेई.

आता एक अडचण. साडूंचं घर मंगला गौरीजवळच्या गल्लीत. तिथे समोरून सांड आला तर माणसानं कुणाच्या तरी दारात शिरायचं, अशी वाट. गाडी न्यायची कुठे? ती राहिली माझ्या अंगणात. मी युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात कारकून, घर सामनेघाटाच्या रस्त्याला, अंगण मोठं, बुद्धी बेताची. तेव्हा साडू रोज सकाळी पंचगंगा घाटावरून नावेत बसायचे, मुन्शी घाटाला एक पान खायला उतरायचे, पुन्हा नावेत बसून अस्सीला यायचे आणि तिथून चालत आपल्या गाडीच्या भेटीला यायचे. गाडीकडे जायला नाव लागणारा दुसरा मालक मी पाहिला नाही. आले की फडकं मारायचे, मग मागचं दार ओढून पडदे लावून झोपायचे. माझी बायको म्हणायची, "भाऊजी, आत पलंग आहे." ते म्हणायचे, "पलंग कुठे जातो का?" गाडी तरी कुठे जात होती? पण असले प्रश्न मला तेव्हा सुचत नसत.

व्रताचं असं झालं. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे साडूंची बायको, अचानक गेली. त्यांची एकुलती एक मुलगी जबलपूरला दिलेली. चौदाव्या दिवशी ती वडिलांना म्हणाली, "बाबा, आता इथे अकेले काय करणार? माझ्यासोबत चला." भरल्या घरात ती असं म्हणाली आणि साडू उठले, हातात पाणी घेतलं आणि आता मरेपर्यंत हे क्षेत्र सोडणार नाही, असं बोलून मोकळे झाले. दुःखात माणूस काहीतरी बोलतो. दुसरं गाव असतं तर लोक दोन दिवसांत विसरून गेले असते. पण काशीत असल्या बोलण्याला साक्षीदार फार. आठवड्याभरात गल्लीतले शास्त्रीबुवा त्यांना आधी नमस्कार करू लागले. नावेचा मल्लाह पैसे घेईना. बायका आपल्या नातवंडांना त्यांच्या पाया पडायला लावू लागल्या. चाळीस वर्षं गाडीमागे फिरलेला माणूस एका ओंजळीनं खुंटीला टांगला गेला आणि खाली माणसं हात जोडून उभी राहिली. आता उतरायचं कसं?

मग त्यांनी गाडी घेतली. कारण विचारलं तर म्हणाले, "मुलगी, जावई, नातवंडं, जावयाचे आईवडील, सगळी एकदम आली तर रिक्षा किती करणार?" ती सगळी एकदम एकदाच आली, दिवाळीच्या सुट्टीत. साडूंनी सगळ्यांना गाडीतून पंचक्रोशी घडवली, कारण पंचक्रोशीच्या रस्त्यानं जाणं म्हणजे काशीच्या कुंपणावरून चालणं, व्रताला धक्का नाही. मात्र त्या रस्त्याच्या उजवीकडे काशी आणि डावीकडे परकं जग. डावं चाक जरा मातीत उतरलं की मागून शिटी! साडू दर मुक्कामाला मागच्या दारातून उजवीकडे उडी मारून उतरत आणि दोन्ही नातवंडं त्यांच्यामागून तशीच उड्या मारत. त्या दिवशी गाडी अजिबात उसळली नाही. संध्याकाळी साडू मला म्हणाले, "बघितलंत? वजन आलं की कशी चालते!" मी म्हटलं, "हो, पण डिझेल जास्त खाल्लं." असा मी.

त्यानंतर मुलीनं जबलपूरला स्वतःचं घर बांधलं. वडिलांनी ते पाहिलेलं नव्हतं. तिला शाळेची नोकरी, सासूसासऱ्यांचं आजारपण, येणं जमेना. साडू एसटीडीच्या बूथवर जाऊन तिला फोन करत आणि मग माझ्या अंगणात येऊन मला ते घर दाखवत. हवेत हात करून दाखवत. इथे जिना, इथे खिडकी, खिडकीत आवळ्याचं झाड. "पोर्च चांगलं ऐसपैस आहे म्हणते. ही गाडी मावेल हो त्यात," असं म्हणत एकदा त्यांनी सुतळी घेऊन गाडीची लांबी मोजली. मी हसलो. "मापं कसली घेताय भाऊसाहेब? जायचंय कुणाला?" त्यांनी सुतळी गुंडाळून खिशात टाकली.

तर ती दुपार. गाडीचा ब्रेक कुरकुरत होता आणि आमचा ठरलेला मिस्त्री गंगेपलीकडे रामनगरला. पावसाळा सरला की सामनेघाटाहून पलीकडे तरंगत्या पिंपांचा पूल घालतात. मी त्या रस्त्यानं निघालो. साडू त्या दिवशी येणार नाहीत असं बायको म्हणाली होती. ते आले होते, मी आंघोळीला गेलो असताना, थेट आपल्या डब्यात. पडदे बंद. शिटी वाजायची वाट बघायची सवय अंगात इतकी मुरलेली की निघताना मी क्षणभर थांबलोसुद्धा आणि मग स्वतःलाच हसून गिअर टाकला. पुलावरच्या फळ्या धडाधड वाजत होत्या, पण मालगाडीत झोपलेल्या माणसाला फळ्यांचं काय. रामनगरला मिस्त्रीनं मागचं दार उघडलं आणि ओरडला, "अरे साहब, पीछे तो बाबा सोए हैं!"

साडू उठून बसले. डोळे चोळत विचारलं, "कुठलं स्टेशन?"

मी म्हटलं, "रामनगर."

ते खाली उतरले. उजवीकडे उडी नाही की काही नाही, साधे, कुणीही उतरतं तसे उतरले. मी पायांवर डोकं ठेवलं तर म्हणाले, "उठा, पँट मळेल." मग ते नदीकडे चालत गेले आणि पलीकडची काशी बघत उभे राहिले. धुरकट उन्हात घाटांची ती अर्धी वाटी. "इतकी लहान दिसते होय," म्हणाले. परत येऊन त्यांनी दोन कचोऱ्या खाल्ल्या, वर जिलबी खाल्ली, मिस्त्रीकडे त्याच्या मुलांची चौकशी केली. मी मात्र शास्त्रीबुवांना काय सांगायचं, प्रायश्चित्त काय असेल, कुणी ओळखीचं बघत तर नाही ना, या चिंतेत. मिस्त्रीनं ब्रेक करून दिला. साडू म्हणाले, "हा रस्ता पुढे मिर्झापूरला जातो ना?"

"जातो की."

"मिर्झापूर, मग रीवा. रीव्याहून मैहर, कटनी. कटनीच्या पुढे सिहोरा. मग आलंच." जरा थांबून म्हणाले, "ब्रेक आता ठीक आहे म्हणतो हा. टाकीत डिझेल असेल ना?"

"भरपूर आहे भाऊसाहेब, काळजी नको," मी म्हणालो. "अर्ध्या तासात तुम्हाला काशीत पोचवतो. कुणाला पत्ता लागणार नाही!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मोडलं ते मोडलंच, साडूबुवा. आता थोडं काय नि जास्त काय."

"छे छे, असं मनाला लावून घेऊ नका. नकळत झालंय, नकळत झाल्याला दोष नाही," असं त्यांचं सांत्वन करत मी मागचं दार उघडून धरलं. ते आत जाऊन बसले. मी शिटीची वाट पाहिली. ती काही वाजली नाही, तेव्हा मी आपणच गाडी वळवली आणि अशी हाकलली की पुलाच्या फळ्यांनी आकांत केला. गाडी सारखी उसळत होती. अलीकडच्या काठाला लागल्यावर मी विजयानं ओरडलो, "आलो हो!" मागे पडदा ओढलेला होता.

त्यानंतर ते गाडीकडे फारसे येईनात. गुडघे दुखतात म्हणायचे. वर्ष-दीड वर्षानं, व्रत म्हणावं तसं सांभाळून, काशीतच गेले. लोकांनी फार थोर मरण म्हटलं. मणिकर्णिकेवर एवढी गर्दी की खांदेकऱ्यांमध्ये मला जागा मिळाली नाही. मी ती रामनगरची हकीकत पोटात ठेवली होती, पण मला ती पराक्रमाची वाटायची. मोडता मोडता मी त्यांचं व्रत वाचवलं, असं मनात धरून बसलेलो. दिवस झाल्यावर मुलगी एकटीच अंगणात गाडीशी उभी होती, मागच्या बाकावरच्या उशीचा अभ्रा काढत. तिला जरा बरं वाटावं म्हणून मी सगळं रंगवून सांगितलं. कचोऱ्या, जिलबी, मिर्झापूर, रीवा, कटनी, सिहोरा आणि मी कसा क्षणाचाही विलंब न लावता त्यांना सुखरूप परत आणलं ते. ती सुरुवातीला हसली. जबलपूरच्या वाटेवरच्या कटनीपाशी हसायची थांबली. मग अभ्रा हातात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली.

"बाबा तुमच्याशी मराठीतच बोलले ना, काका?" ती म्हणाली. "मग तुम्हाला समजलं कसं नाही?"