बॉनेटवरची हळद

दर रविवारी सकाळी मी गाडी धूत असे आणि आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीतले लोक बघत असत. त्यांनी बघावं म्हणूनच मी धूत होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही. ऑफिसातले एक साहेब बदलीवर जाताना ती मला विकून गेले होते. रंग गडद निळा, आणि चढ आला की दम्याच्या माणसासारखी थांबत थांबत चढायची. इंजिनातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून माझी सगळी भक्ती रंगावर. रंग खराब होऊ नये म्हणून ऑफिसला मी सायकलने जात असे. हसा. गल्लीही हसायची.

या भक्तीचा पहिला प्रसाद मे महिन्यात मिळाला होता. मोटारीच्या सामानाच्या दुकानातून मेणाच्या पॉलिशचा डबा आणला, भर दुपारी अंगणात उभ्या गाडीला चोपडला आणि आत जाऊन निवांत जेवलो. नागपूरच्या उन्हात पत्र्यावर पापड भाजता येतो हे ठाऊक होतं, मेणाचं काय होतं ते नव्हतं. बाहेर येऊन पाहतो तर गाडीला जागोजाग पांढरे चट्टे, जशी काही तिला खरूज झाली. ते काढण्यात तीन रविवार गेले. मग शिकलो. गाडी सावलीत हवी, पत्रा गार हवा, मेण अगदी पातळ लावायचं, धुरकट वाळलं की मलमलीच्या फडक्याने पुसायचं. वर पाणी शिंपडलं तर थेंबाची गोळी होऊन घरंगळली पाहिजे. तो घरंगळणारा थेंब मी बायकोला हाक मारून दाखवत असे.

"दिसला थेंब. आता आंघोळीले जा," ती म्हणायची.

त्या वर्षी आषाढात वडील आमच्याकडे राहायला आले. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. भिवापूरकडच्या गावी ते एकटे, स्वतःच भाकर थापून खात. शेत बटईने, निम्म्या वाट्यावर दिलेलं, बैलजोडी पुतण्याच्या दारात. त्यांना कायमचं नागपूरला आणायचं असं आम्ही नवराबायकोने ठरवलं होतं. मी गावी जाऊन त्यांच्या अक्षरशः पाया पडलो, तेव्हा कुठे ते म्हणाले, "पोळ्यापर्यंत राहतो गा. गमलं तं राहीन, नाही तं जाईन."

त्यांना गमावं म्हणून मी ओसरीत नवी बाज टाकली. आणि गाडीच्या दारावर ओलं धोतर वाळत घालू नका, असं दुसऱ्याच दिवशी सांगितलं.

बाजेवर बसून ते माझं धुणं-पुसणं पाहत राहत. एकदा म्हणाले, "बैलापेक्षा जास्त चोळतं तू इले." मी ते कौतुक समजलो. एका रविवारी ते फडकं घेऊन स्वतःच पुढे झाले. मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"राहू द्या बाबा. तुमचे हात खरखरीत हायेत, चरे पडतीन."

त्यांनी आपले हात उलटेसुलटे करून पाहिले आणि बाजेवर जाऊन बसले.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून खांद्याला घट्टे पडलेले असतात. तिथे कोमट तूप-हळद चोळायची आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं, अशी रीत. त्या संध्याकाळी मी सायकल दारात लावली आणि पाहतो तो वडील गाडीपुढे वाकलेले. हाताशी तूप-हळदीची वाटी. बॉनेटच्या दोन्ही बाजूंना, दिव्यांच्या वर, जिथे गाडीला खांदे असते तर असते, तिथे पिवळेधमक लेप. आणि आरशाजवळ तोंड नेऊन, जसं बैलाच्या कानात सांगतात तसं, ते सांगत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"बाबा! काय करून राहिले तुमी?"

"खांद शेकून राहिलो गा. तुह्या घरी वझं ओढणारं हेच तं हाये."

आयुष्यभर नको तिथे हसलेला मी, नेमका तिथे हसलो नाही. "हा काय बैल हाये? रंग खाऊन टाकन ते हळद! गावातच बरे होते तुमी!" गल्ली थांबून ऐकत होती. वडिलांनी हात धोतराला पुसले.

मी तणतणत मोरीतून भांडी घासायची पावडर आणि नारळाचा काथ्या आणला.

बायको मागून म्हणाली, "अवो, आधी फडक्यानं निघते का पाहा."

पाहतो कशाला? त्यांच्यादेखत खसाखसा घासलं. हळद गेली आणि तिच्याबरोबर निळा रंगही गेला. तळहाताएवढे दोन करडे डाग उघडे पडले. "हे पाहा, काय करून ठेवलं तुमी," म्हणून मी त्यांना दंडाला धरून दाखवले.

पोळ्याच्या सकाळी वडील पिशवी घेऊन उभे. बायकोचं पुरण शिजत होतं.

"मामाजी, जेवून तरी जा."

"नाही वं बाई. पुतण्याच्या दारी जोडी हाये, पोळ्यात तिच्यासंगं उभं राहा लागते."

मी गाडीची किल्ली घेतली, तर म्हणाले, "सायकलच काढ." मग त्यांना कॅरियरवर बसवून एसटी स्टँडवर नेलं. बसमध्ये चढताना त्यांनी विचारलं, "त्या डागाचं कसं करशीन?"

"रंगवून घेईन."

"माह्यानं नुकसान झालं गा तुहं."

मी नाही म्हणालो नाही.

आठ दिवसांनी पेंटरकडे गेलो. त्याने डागावरून बोट फिरवलं. "साहेब, हळदीनं नाही गेला हा रंग. हे घासलं हाये. वरून मेण होतं ना? मंग हळद फडक्यानं निघून आली असती. मेण लावतेत कायले?"

त्याच दिवशी वडिलांना पत्र टाकता आलं असतं. पण या आठ दिवसांत मी ऑफिसात किस्सा सांगून बसलो होतो: वडिलांनी मोटारीचे खांदे शेकले आणि रंग घालवला. आरशाला कान समजून दिलेल्या आमंत्रणाला तर लोक टेबलं बडवून हसले होते. चालणारा किस्सा कोण दुरुस्त करतो? पुढे तो मी नातेवाइकांतही सांगितला.

दिवाळीत गावी गेलो, गाडी घेऊन. खरं काय ते सांगायचं, आणि चला म्हणायचं, असं मनाशी घोकत गेलो होतो. गाडीभोवती माणसं जमली. वडील आले, पण गाडीपासून चार पावलं दूर थांबले. कोणीतरी नवा रंग पाहून म्हणालं, "लई चमकून राहिली गा!"

"चमकन नाही तं काय," वडील म्हणाले. "जुना रंग म्या घालवला. तूप-हळद चोपडली बैल समजून! आरशात आवतन देल्लं!" आणि वाकून, तोंडापुढे हात धरून त्यांनी ते करूनही दाखवलं. माझ्यापेक्षा किती तरी चांगलं.

सगळे हसले. मीही हसलो. नंतर ते कधी नागपूरला राहायला आले नाहीत, आणि मीही चला म्हणालो नाही.