स्टाफरूममधला देव

कॉलेजात किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. कपाटावरच्या जुन्या उत्तरपत्रिकांसारखे ते आपोआप साचतात आणि कुणी रजेवर गेलं की धूळ झटकून बाहेर निघतात. सेलूच्या आमच्या कॉलेजात सध्या गणिताचे स्वामी सर रजेवर आहेत. हृदयाचं ऑपरेशन. डॉक्टरांनी जोखीम मोठी सांगितली होती.

त्यामुळे तत्त्वज्ञानाच्या वाघमारे सरांना भांडायला कुणी नाही. या दोघांच्या भांडणाचा विषय वर्षानुवर्षं एकच : देव आहे का नाही! स्वामी सर लिंगायत, गळ्यात कायम चांदीच्या डबीतलं इष्टलिंग. वाघमारे सर आजोबांपासून बौद्ध, जगाला कुणी निर्माता आहे हेच त्यांना मंजूर नाही. मी इतिहास शिकवते. माझी खुर्ची दोघांच्या मधे, म्हणून साक्षीदार मी.

*

एकदा स्वामी सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "हे आपोआप झालं का? कुणीतरी बनवलंच ना? मग एवढं मोठं जग आपोआप कसं होईल?"

ते घड्याळ दिवाळीपासून बंद होतं.

"बनवणारा हाय ना?" वाघमारे सर म्हणाले. "मग दुरुस्तीला का येईना?"

"त्यानं तुमाला पाठवलंय की! टाका सेल!"

वाघमारे सरांनी सेल आणून टाकला. घड्याळ चालू झालं आणि दोघांनीही आपणच जिंकलो असं जाहीर केलं.

*

वाघमारे सरांनी वर्गात एक युक्तिवाद शिकवला. देव मानला आणि तो खरंच निघाला, तर फायदा. नाही निघाला, तरी नुकसान काही नाही. म्हणून मानलेलाच बरा. मग उरलेला तास त्यांनी तो युक्तिवाद खोडण्यात घालवला.

झरीहून येणारी एक मुलगी उभी राहिली. "सर, परीक्षेत देव हाय लिहायचं का न्हाई?"

"दोन्ही बाजू लिही. मार्क मांडणीला असतात."

"ते खरंय सर. पण पेपर तपासणारा मानणारा निघाला तर?"

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "मग हायच लिही!"

ही बातमी कळताच स्वामी सरांनी सगळ्या स्टाफला पेढे वाटले. वाघमारे सरांनी दोन खाल्ले.

*

नव्या प्रयोगशाळेचं उद्घाटन होतं. नारळ कुणाच्याच हातून फुटेना. एका घावात नारळ फोडणारा माणूस आमच्याकडे एकच, तो म्हणजे वाघमारे सर. आणि ते तत्त्व म्हणून मागच्या रांगेत बसलेले!

स्वामी सर तिथपर्यंत गेले. "देव नसंल, पण नारळ तर हाय ना?"

वाघमारे सरांनी विचार केला. उठले, एका घावात फोडला, आणि खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकत म्हणाले, "नारळ असल्याचं मला मान्य आहे."

*

मग गारपीट झाली. स्वामी सरांच्या शेतातली ज्वारी आडवी झाली. वाघमारे सरांना एरवी असा मुद्दा आयताच सापडला असता. तीन दिवस त्यांनी तो काढला नाही. चौथ्या दिवशी मात्र राहवेना.

"सर, रागावू नका. तो दयाळू बी हाय अन् सर्वशक्तिमान बी हाय म्हणता. मग गारा कशाला?"

स्वामी सर म्हणाले, "चूक माझीच हाय. मी नुसतं पाणी दे म्हणलो. कसलं ते सांगायचं राह्यलं!"

रविवारी वाघमारे सर त्यांच्या शेतात ज्वारी गोळा करत होते. दिवसभर गारांवरच बोलत होते म्हणे.

*

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही दवाखान्यात होतो. नर्स म्हणाली, गळ्यातलं काढावं लागेल. इष्टलिंग अंगावेगळं करायचं नसतं. स्वामी सरांचा चेहरा उतरला. शेवटी त्यांनी चांदीची डबी काढली. वहिनी पुढं झाल्या, मुलगा पुढं झाला. सरांनी ती वाघमारे सरांच्या हातावर ठेवली.

"खाली टेकवायचं न्हाई बघा."

"मी? अहो, मी मानत न्हाई!"

"म्हणूनच. दुसरं कुणीबी त्याला काहीतरी मागत बसंल. आज त्याला तरास नको."

स्ट्रेचर आत गेलं. दार बंद झालं.

वाघमारे सर बाकावर बसले, डावा तळवा उघडा, त्यावर डबी. मी चहा आणला, तो उजव्या हाताने घेतला आणि तसाच धरून राहिले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, द्या थोडा वेळ माझ्याकडं." त्यांनी मान हलवली. दुपार कलली. डावा हात भरून आला, तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि त्या हाताला उजव्या हाताचा टेकू दिला. एवढा वेळ गप्प बसलेले वाघमारे सर मी कधी पाहिले नव्हते, आणि मला त्याचीच भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी स्वामी सरांनी डोळे उघडले. आवाज नीट फुटत नव्हता, तरी पहिला प्रश्न वाघमारे सरांनाच.

"मागितलं का काही त्याला?"

"छे! भांडलो."

"मग? कोण हरलं?"

वाघमारे सरांनी डबी त्यांच्या हातात ठेवली.

"तोच! सोडावं लागलं तुमाला."