आमचा गवती चहा परत मागताना

गवती चहा वाटणाऱ्या बाईकडे किस्से साठत जातात, गवती चहा मात्र उरत नाही! बेंगळुरूला आमच्या इंदिरानगरात पुण्या-मुंबईचं कोणी नवीन राहायला आलं की थोड्याच दिवसांत आमच्या फाटकाशी उभं. "काकू, थोडा गवती चहा मिळेल लावायला?" मी मुळासकट फुटवा काढून द्यायची, कसा लावायचा तेही सांगायची. फुटवा घ्यायचे सगळे, ऐकायचं कोणीच नाही.

यंदा नळाचं काम करणाऱ्यांनी उरलेलं काँक्रीट नेमकं आमच्या ठोंबावर ओतलं. आमचे सासरे, अण्णा, नव्वदीला टेकलेत. सकाळचा तो चहा सोडला तर त्यांच्या पोटात धड काही जात नाही. बाजारातली जुडी आणून घातली, तर एक घोट घेऊन कप सरकवतात. "हा आपला नव्हे." दिवसेंदिवस माणूस वाळत चाललं. मला या वयात दारोदार फिरायचा कंटाळा, पण निघाले. दिलेल्यातला एक फुटवा परत मागायला.

*

पहिली रेवती, पुण्याची. टॉवरमध्ये अगदी वरच्या मजल्यावर राहते. कुंडी सोफ्याशेजारी, एसीखाली, आणि कुंडीत नुसत्या तपकिरी काड्या.

"काकू, मी रोज त्याच्याशी बोलायचे हो!"

"अगं, त्याला गप्पा नको होत्या, ऊन हवं होतं!"

तिने मला ग्रीन टी दिला. तोही मी निमूट प्यायले.

*

मग नागपूरचा निखिल. त्याच्या बाल्कनीत ऊन भरपूर. पण यानं पाणी घालायला ॲप लावलं आणि ऑफिसच्या कामाला परदेशी गेला. इकडे पावसाळा, त्यावर ॲपचं पाणी! मुळं कुजून लगदा झाला होता.

"पण काकू, ॲपवर सगळं ग्रीन दिसत होतं!"

"हो रे बाबा, तिथेच ग्रीन होतं."

*

माझी नणंद सुमन चिकपेटला राहते. खाली कापडाचं दुकान, वर घर. तिच्या गच्चीवर ठोंब चांगला फोफावलाय असं ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. जाऊन बघते तर कुंडी रिकामी! कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं होतं, खरा गुण मुळात असतो. बाईसाहेबांनी अख्खा ठोंब उपटला, मुळं धुतली आणि चहात उकळली.

"अगं, मुळं वाळ्याची घालतात, तीही माठात! याची पाती वरून कापायची आणि बुडखा तसाच ठेवायचा. वर्षानुवर्षं फुटत राहतो तो!"

"तरीच वहिनी, चहा मातकट लागला," सुमन म्हणाली.

तिचा जिना उतरताना मला खरंच रडू आलं. अर्ध्या बेंगळुरूला वाटला, आणि घरच्या म्हाताऱ्याच्या कपात घालायला एक पात नाही.

*

शेवटी शांतक्का आठवल्या. पूर्वी आमच्या शेजारी होत्या, आता इथल्याच शिवाजीनगरला असतात. त्यांनाही मी फुटवे दिले होते. त्यांच्याकडे आपला गवती चहा ताकात घालतात, कानडीत मज्जिगे हुल्लु, म्हणजे ताकाचं गवतच म्हणतात त्याला. न्हाणीघरामागच्या उन्हात दोन फुटवे डुलत होते. पात हाताला लागून रक्त आलं, तरी मी हसतच होते.

"बाकीचे?" मी विचारलं.

"गल्लीत वाटले. तुमच्याकडूनच शिकले ना, अक्का!" शांतक्का म्हणाल्या.

"मला स्वल्प द्या."

"स्वल्प कशाला? दोन्ही न्या. सरी? ठीक ना?"

ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, रिक्षात मांडीवर धरून आणले. अण्णांनी एक पात चुरगळली, हुंगली आणि डोळे मिटले. "हा आपला!" किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा फुलला. पुडकं त्यांच्या हातात ठेवून मी मागे गेले. भोक असलेली कुंडी शोधली, मातीत वाळू मिसळली, उन्हाची जागा झाडली.

परत आले तर अण्णा फाटकाशी उभे, हात रिकामे. समोरच्या बिल्डिंगमध्ये नव्यानेच आलेली मुलगी पुडकं छातीशी धरून रस्ता ओलांडत होती.

"अण्णा! दोन्ही दिलेत?"

"आजी आहे तिची घरी. या चहाशिवाय काही घेतच नाही म्हणे," अण्णा म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाचे असे हाल बघवतात का कुणाला?"