लेझरच्या खोलीतली खंडेनवमी

शिकल्यासवरल्या माणसांनी वर्षातून एकदा हौसेनं अडाणी व्हायचा सण म्हणजे खंडेनवमी, असं माझं मत. हिंगण्याच्या आमच्या कारखान्यात त्या दिवशी लेथला झेंडूचा हार, ड्रिलला हळदीकुंकू, मालकांच्या स्कूटरच्या चाकाखाली लिंबू. जन्मभर पंपाचे भाग कातलेले आमचे मालक कापूर पेटवून असे उभे राहत, जणू लेथ प्रसन्न होऊन वर देणार आहे.

लेझरची खोली मात्र माझी. तिथे शेवईएवढ्या बारीक स्टीलच्या नळीत जाळी कापून आम्ही हृदयाच्या धमनीत बसवायचे स्टेंट करायचो. त्या वर्षी दसऱ्याची सुट्टी संपली की लगेच एक कंपनी नमुने पाहायला येणार होती. ते नापास झाले तर मालक लेझर विकणार होते आणि मला नोकरीसाठी पुणं गाठावं लागणार होतं.

मालक आरतीचं ताट घेऊन आले, तशी मी दारात आडवी उभी राहिले.

"आत धूर नको, धूळ नको. पूजा बाहेरच करा."

"काहून वं पोरी, देवालेबी बाहेर ठेवून राहिली का?"

"देव टोपी आणि मोजे घालत असेल तर पाठवा आत."

कामगार फिदीफिदी हसले. मालकांनी बंद दारालाच ओवाळलं आणि ताट तिथेच ठेवलं. मला फार भारी वाटलं.

सुट्टीनंतर सकाळी पहिलीच नळी अर्धवट कापली गेली. दुसरीही तशीच. पाहुणे दोन तासांवर आलेले. मी सगळ्यांसमोर मालकांवर तोंड सोडलं, "मिळाला ना कापराचा प्रसाद? फटीतून धूर गेला आत!"

पासष्टीचा माणूस मान खाली घालून म्हणाला, "चुकलं वं पोरी माह्यं."

मग मी लेझरच्या तोंडाशी बसवलेली, किरण जिच्यातून जातो ती काच बाहेर ओढली. तिच्यावर लालसर बोट उमटलं होतं. माझं.

खंडेनवमीला सगळे प्रसादाला गेल्यावर मी गुपचूप दारातल्या ताटातलं कुंकू यंत्राला लावलं होतं. नमुने पास होऊ दे म्हणून. आणि त्याच बोटानं काच नीट बसली का, ते चाचपलं होतं. मला धड अडाणीही होता आलं नाही.

काच बदलली. नमुने पास झाले. उशीर का झाला, ते पाहुण्यांना मालकांनीच सांगितलं, "माही चूक. म्या कापूर लावला होता." मी शेजारीच उभी होते.

तेव्हापासून मालक खंडेनवमीला कापूर पेटवत नाहीत. लेझरच्या खोलीवरून जाताना काही उडू नये म्हणून ताटावर हात धरून जातात. मी अजून त्यांना काही सांगितलेलं नाही.