पहिल्या रविवारची भाकर

शनिवारी आळेफाट्याच्या स्टँडवर शांतामावशींची सून भेटली. खोडदच्या मावशी दोन वर्षं घराबाहेर पडू शकत नाहीत. मी तब्येत विचारली, तर तिनेच मला विचारलं, "बाई, नवं पाळकसाहेब आमच्याकडं येत नाय का? सासूबाई पयल्या रविवारी धुतलेलं लुगडं नेसून बसत्यात... पार सांजपतूर."

आपल्या छोट्या चर्चचे जुने पाळक चार महिन्यांपूर्वी बदलून गेले. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना आटोपली की ते प्रभुभोजनाची भाकर घेऊन मोटरसायकलवर मावशींकडे जायचे. पांढऱ्या रुमालात ती बांधून मीच द्यायचे.

नवे पाळक तरुण आहेत, उपदेश मोबाईलवर बघून करतात. कमिटीची सेक्रेटरी म्हणून मी त्यांना चाव्या दिल्या, वीजबिलं दिली, गायनाच्या वह्या दिल्या... मावशींचं तेवढं सांगितलं नाही.

विसरले, असं म्हणता आलं असतं. पण तो रुमाल दर महिन्याला मीच घडी घालून कपाटात ठेवत होते. हे स्वतःहून विचारतात का बघू, असं मनात असावं. चहाच्या वेळी कुणी म्हणालं, "जुन्या साहेबांची सर नाही राव," की मी मान डोलवायचे.

नवा माणूस, नव्या सवयी, सगळं पुन्हा पहिल्यापासून... खरंच दमले होते. की दमणं हा नुसता आडोसा होता?

त्याच संध्याकाळी पाळकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "उद्या पहिला रविवार नाही. तरी जाऊ."

उपासनेनंतर भाकर आणि रुमाल घेऊन खोडदला गेलो. मावशींनी विचारलं, "साहेब, माजं नाव काडलं व्हतं का मंडळीतनं?"

मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "नाही आजी. मलाच उशीर झाला. चूक माझी."

"व्हऊ द्या, आलात न्हवं! पण आज पयला रविवार न्हाई, मी ही अशी गबाळी... थांबा भाईर, लुगडं बदलते."

चूक माझी होती. तिथे बोलले नाही, म्हणून इथे मंडळीच्या ग्रुपवर लिहितेय... त्यांना नावं ठेवणारे आपण बरेच जण इथेच आहोत.

आम्ही ओट्यावर थांबलो. मला वाटलं, आता ते मला बोलतील. त्यांनी फक्त रुमाल पुढे केला आणि विचारलं, "बाई, ही गाठ कशी मारता? मला दाखवून ठेवा."

दाखवली. दोनदा चुकली माझी... ते वाट बघत थांबले.