वार्ताहरभाऊंचं 'कळते'

'कळते' हा शब्द वार्ताहरभाऊंनी जितका जपून वापरला, तितक्या जपून आमच्या घरी पाहुण्यांच्या पानात तूपही वाढलं गेलं नसेल. लाखांदूरच्या एसटी स्टँडसमोर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. शिवाय ते नागपूरच्या एका पेपराचे वार्ताहर होते. बातमी लिहायची, पाकिटात घालायची आणि सकाळच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती द्यायची, हा त्यांचा रिवाज होता.

सत्तरच्या दशकात पेपरांत 'कळते'चा नुसता सुळसुळाट असे. मंत्री येणार असल्याचे कळते, धानावर कीड पडल्याचे कळते. बाकीचे वार्ताहर घरबसल्या हे 'कळते' लावून मोकळे होत. भाऊंचा हिशेब वेगळा होता. लोकांकडून ऐकलं तर 'कळते', आणि डोळ्यांनी पाहिलं तरच ते गाळायचं. एकदा एका गावच्या तलावाची पाळ फुटली, तर हे एवढा एक शब्द गाळण्यासाठी चिखलातून सायकल ढकलत तिथवर जाऊन आले. मी तेव्हा शाळेत मास्तर होतो. मी त्यांची थट्टा केली, तर म्हणाले, "छापून आलं का लोक खरं मानतेत, गुरुजी. मंग आपन पाहाले नको का?"

गावालाही हे ठाऊक होतं. चहाच्या टपरीवर पेपर वाचताना कोणीतरी हमखास विचारी, "भाऊनं कळते लिवलं का पाह्यलं?"

एका भाद्रपदात वैनगंगेला पूर आला आणि माणसांनी भरलेला डोंगा उलटला. त्यात माझा थोरला भाऊ श्रावण होता. बाकीचे पोहून काठाला लागले, चौघे सापडले नाहीत. दुसऱ्या पेपराने चौघे मृत्युमुखी पडल्याचं छापून टाकलं. वार्ताहरभाऊंच्या बातमीत मात्र 'चौघे बुडाल्याचे कळते' असं होतं.

मायला वाचता येत नसे. तिने मला ती ओळ तीनदा वाचायला लावली. मग म्हणाली, "भाऊनं कळतेच लिवलं ना? मंग माहा श्रावण लागला असन कुठीतरी काठाले." घरात कोणालाही तिने रडू दिलं नाही. दोन दिवस श्रावणचं ताट वाढून झाकून ठेवलं. मी आशा सोडली होती, पण तिच्यासमोर बोलायची हिंमत मला होत नव्हती. खरं सांगतो, त्या दोन दिवसांत मला त्या शब्दाचा भयंकर राग आला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी वार्ताहरभाऊ दारात उभे राहिले. गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे सुजलेले. दुकान बंद ठेवून ते काठाकाठाने, गावोगाव विचारत खाली गेले होते. हातात पाकीट होतं, अजून न चिकटवलेलं.

मायने त्यांना बसा म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "कळलं का पाह्यलं, भाऊ?"

"पाह्यलं, माय." भाऊ म्हणाले. "गाडीले द्यायच्या आंधी तुमाले सांगाव म्हनलं."

माय उठली, झाकलेलं ताट आत नेऊन ठेवलं, त्यांच्यासाठी तांब्याभर पाणी आणलं आणि मगच रडायला बसली. कोणी दुसऱ्याने सांगितलं असतं तर तिने ते कधीच मानलं नसतं. एका साध्या घड्याळजीने आपल्या शब्दाला एवढं वजन कसं आणलं असेल, याचं मला आजही नवल वाटतं.

पुढे मोठ्या मुलाकडे राहायला म्हणून ते पवनीला गेले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एका सकाळी गाडीतून उतरलेल्या कोणीतरी सांगितलं की वार्ताहरभाऊ गेले. मायने ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळली.

"लोकायचं राहू दे. तू पाहून ये."

मी पहिल्या गाडीने गेलो. भाऊंना खांदा दिला आणि संध्याकाळी परतलो. माय ओसरीवर बसली होती.

"पाह्यलं का?"

"पाह्यलं, माय."

तिने पदर डोळ्यांना लावला.