जाऊबाईंचा ठोका

आमच्या थोरल्या जाऊबाईंना रॅप आवडतं, हे मला लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात कळलं. त्या भांडी घासत होत्या आणि ओट्यावरच्या टेपरेकॉर्डरमधून कुणी माणूस दम न घेता कुणाला तरी खडसावत होता. मी घाबरून थोरल्या दिरांना विचारलं, "कोण भांडतंय?" त्यांनी पेपरातून मान वर न काढता सांगितलं, "कोणी नाही. तुझी जाऊ गाणी ऐकतेय. सवय होईल." त्यांना स्वतःला ती सवय शेवटपर्यंत झाली नाही, हा भाग वेगळा.

आम्ही दोघी एकाच लॉन्ड्रीत. कोपऱ्यावरचं चार शर्टांचं दुकान नव्हे, हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी जिथे गाड्या भरभरून येतात, तसली. तिथे एक रीत आहे. मळक्या कपड्यांत काही सापडलं की ते खिडकीजवळच्या फळीवर ठेवायचं. महिनाभरात कोणी विचारत आलं नाही, तर ते जिला सापडलं तिचं. कुणाला कानातलं मिळतं, कुणाला कंगवा. जाऊबाईंना तरुणपणी उशीच्या अभ्र्यात एक कॅसेट मिळाली. वर ना नाव, ना चित्र. महिना उलटल्यावर त्यांनी ती घरी आणून लावली, आणि मग त्या पहिल्यासारख्या राहिल्याच नाहीत.

त्यात गाणारा कोण, हे त्यांना आजही माहीत नाही. त्या त्याला 'अभ्रेवाला' म्हणतात. माझ्या मुलाने एकदा मोबाइलवर नाव शोधून देतो म्हटलं, तर त्याच्या हातावर चापट बसली. "नाव कळलं म्हणून गाणं बदलणार आहे का? बस गुपचूप!" पुढे कपड्यांच्या गाडीवरचे ड्रायव्हरदादाही त्याच वेडातले निघाले. ते कुठून कुठून जुन्या कॅसेटी आणत आणि चहाच्या सुट्टीत बॉयलरच्या भिंतीला टेकून या दोघांचे वाद रंगत. दादांना भरभर म्हणणारे आवडत. जाऊबाई नाक मुरडत. "भरभर बोलण्यात कसलं आलंय कौतुक? भरभर तर आमच्या सासूबाईही बोलायच्या. माझा अभ्रेवाला बघा, ठोक्याच्या अंगावर रेलून बोलतो. घाई नाही, आणि माघारही नाही." शब्द दोघांनाही अर्धेच कळायचे. पण समोरच्याने आपल्याला गप्प करायचा प्रयत्न केला होता आणि आपण गप्प बसलो नाही, एवढं मात्र त्यांना प्रत्येक गाण्यात ऐकू यायचं. मला विचाराल तर मला तेव्हा हळुवार प्रेमगीतं आवडायची, आणि हे दोघं कामातून गेलेत असं माझं स्पष्ट मत होतं.

तरी एक गोष्ट मी नाकारणार नाही. आमच्याकडे एक भलामोठा तापलेला रोलर आहे. ओली चादर दोघींनी दोन कोपऱ्यांना धरून ताणायची, रोलरच्या तोंडाशी न्यायची आणि एकाच क्षणी सोडायची. पलीकडे आणखी दोघी ती कडक वाळलेली चादर झेलून घडी घालतात. एकीने आधी सोडली आणि दुसरीने नंतर, की चादर तिरकी जाते, गोळा होते. ती सरळ करायला हात पुढे जातो, आणि पुढे रोलर असतो. यंत्राच्या घरघरीत साधं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून जाऊबाईंनी खांबाला स्पीकर बांधून त्यावर अभ्रेवाला लावला होता. जड ठोका पडला की हात सोडायचा. नव्या बाईला आम्ही दुसरं काही शिकवतच नव्हतो. मीही तशीच शिकले, नाक मुरडत मुरडत.

मग नवे साहेब आले. वयाने लहान, शर्टाची इस्त्री आमच्या चादरींपेक्षा कडक. पहिल्याच दिवशी म्हणाले, "ही आरडाओरड बंद. बड्या हॉटेलची माणसं बघायला येतात, त्यांना काय वाटेल?" स्पीकर काढला आणि छतातून मंद वाद्यसंगीत सुरू केलं. दवाखान्यात नंबर येईपर्यंत वाजतं ना, तसलं. त्याला ना शेंडा ना बुडखा, हात सोडायचा कधी?

दुपारी व्हायचं तेच झालं. जाऊबाईंनी कोपरा सोडला, मी सोडला नाही. चादर तिरकी गेली, मी तिच्यामागे हात घातला आणि माझी बोटं रोलरला लागली. जाऊबाईंनी लाल दांड्यावर अंग टाकून यंत्र थांबवलं नसतं, तर आज मी हे दोन्ही हातांनी सांगत नसते. त्यांनी माझा हात नळाखाली धरला, आणि मी रडत होते की त्या, ते मला नीटसं आठवत नाही.

साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. म्हणाले, "बघा, त्या गाण्यांनी बायकांना नको ती सवय लावली. त्याचाच हा परिणाम." मग जाऊबाईंकडे वळले. "तुम्ही सगळ्यांसमोर एवढं मान्य करा, की चूक तुमच्या गाण्यांची होती. मग विषय संपला. नाहीतर रोलरवर तुमचं काम नाही, मागे मळक्या कपड्यांच्या खोलीत जा."

ती खोली कशी आहे, ते आम्हालाच ठाऊक. हॉस्पिटलचे गठ्ठे तिथे सुटतात. रक्त, ओकारी, आणि बोलायला माणूस नाही. उमेदीची सगळी वर्षं रोलरवर घालवलेल्या बाईला तिथे पाठवणं म्हणजे तिची सरळ सरळ हकालपट्टी. मी मध्ये पडले. "साहेब, ठोका होता तोवर एकीचंही बोट भाजलं नाही. आज तो नव्हता म्हणून भाजलं."

"तुम्हाला लागलंय, तुम्ही शांत राहा. तुमच्या वतीने मी बोलतोय."

माझ्या वतीने! हात माझा भाजला आणि बोलणार हे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जाऊबाईंनी पदर खोचला. "साहेब, चूक झाली की मी कबूल करते. घरात विचारा. पण न केलेली चूक मी माझी म्हणणार नाही. स्पीकर तुम्ही काढलात, तोंड अजून माझ्याकडे आहे." आणि सरळ रोलरपाशी जाऊन, माझ्या जागी दुसरीला उभं करून, त्यांनी यंत्र सुरू केलं आणि गळा मोकळा सोडला:

"पकड कोपरा, ताण चादर, ठोका पडला, सोड!
वाफ आमच्या नाकात जाते, तुमची झोप गोड!"

आवाज काय सांगू, पत्रे हलले असते. 'सोड' म्हटलं की दोघींचे हात सुटत, चादर सरळ जाई. हसू आवरत पलीकडच्या दोघी घड्या घालू लागल्या. साहेबांचा चेहरा लालबुंद. जाऊबाईंची रवानगी त्याच दुपारी मळक्या खोलीत झाली. जाताना त्यांनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

बोटांवरची पट्टी निघाली आणि मी रोलरवर परत आले. जाऊबाईंच्या जागी एक नवखी पोर कोपरा धरून उभी होती. माझी बोटं बघून तिला पुढचं सगळं दिसत असणार. वरून ते दवाखान्याचं संगीत गळत होतं. साहेब हाताची घडी घालून दारात. मी चादर उचलली, आणि माझे हात पुढे जाईनात. भीती वाटली, खोटं कशाला सांगू? शेजारी त्या नव्हत्या. ती पोर माझ्या तोंडाकडे बघत होती. मी आयुष्यात बाथरूममध्येसुद्धा कधी मोठ्याने गायले नव्हते. पण मी साहेबांकडे बघत तोंड उघडलं:

"पकड कोपरा, ताण चादर, ठोका पडला, सोड!
बोट भाजलं माझं, साहेब, मला आहे तोंड!"

आवाज फाटला. पण पोरीने सोडलं, मी सोडलं, चादर सरळ गेली. पलीकडच्या दोघींनी पुढची ओळ उचलली. "बंद करा हे!" साहेब ओरडले असावेत. त्यांचे ओठ हलताना दिसले, घरघरीत आवाज काही पोचला नाही.

तेवढ्यात मागच्या खोलीचं दार पायाने ढकलून जाऊबाई बाहेर आल्या. हातात मळक्या चादरींचा गठ्ठा, तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढलेला. साहेबांच्या बाजूने पुढे येऊन त्यांनी माझ्याकडे डोळे वटारले.

"यमक लंगडं आहे, ते चालेल!" त्या ओरडल्या. "पण ठोक्याच्या मागे का राहतेस गं? कुणाला घाबरतेस? पुन्हा घे!"

मी पुन्हा घेतलं.